दादाची नक्कल आणि माझी चादर

भवानी पेठ, सोलापूर.
रविवार दुपार, जेवण गेलेलं नाही.

तीर्थरूप आक्काच्या पायांवर डोकं ठेवून (मनातल्या मनात ठेवलं आहे, खरोखर वाकलो तर मला उभं करायला माणसं बोलवावी लागतात) धाकट्या रावजीचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मागे पाठवलेलं तेल चोळतेस, की बाटली उशाशी ठेवून नुसती तिच्याकडे बघत पडतेस? म्हैस व्याली का? दुधनीच्या बाजारात यंदा तूर कशी आली? तू पाठवलेली डाळ फार छान शिजते असं तुझी भावजय म्हणते, आणि ती कुणाच्या डाळीला सहजासहजी चांगलं म्हणणारी बाई नाही. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायचं असतं म्हणून लिहितो. खुशाल मी नाही. बाकीचे सगळे आहेत, आणि तेच माझ्या संतापाचं कारण आहे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तुला काहीही सांगितलं की तू "व्हय व्हय, बरं हाय की समदं" म्हणून ठेवून देतेस. समोर बसलं की तुला सगळं ऐकू येतं, विशेषतः जे ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही हळू बोलतो ते. पण फोनला तू कान देतच नाहीस. मागे मी माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगत होतो आणि तू म्हणालीस, "लई झ्याक झालं, पोरीला आशीर्वाद सांग." म्हणून लिहितो आहे. रेश्मा वाचून दाखवेलच. (रेश्मा, बाळ, कंसातलं सासूबाईंना वाचू नकोस. कंसातलं तुझ्यासाठी आहे, किंवा माझं मला. आणि चुलीवर काही ठेवलं असशील तर आधी ते उतरव, पत्र मोठं आहे.)

मुद्दा आधी सांगतो, म्हणजे मध्येच तुझा डोळा लागला तरी काम अडणार नाही. आपल्या धोंडीरामदादाची लेक अंकिता, जिला तू आंघोळ घालून तीट लावलीस तीच, स्टेजवर उभी राहून, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर, आपल्या बापाच्या तोतरेपणाची नक्कल करते. जो बाप जाऊन वर्ष झालं नाही तोच बाप. लोक पोट धरून हसतात. मी "हे बंद कर" म्हणून सांगितलं तर मला म्हणते, "आत्याला विचारा. आत्या नको म्हणली तर टाकते. तुमच्या म्हणण्यावर नाही टाकणार." पुढच्या महिन्यात पुण्यात या कार्यक्रमाचं शूटिंग आहे. ते एकदा मोबाईलवर गेलं की दुधनीपासून दुबईपर्यंत सगळे बघणार आणि मग कुणाचा बाप आला तरी ते परत निघणार नाही. तेव्हा आक्का, तू "नको" एवढं कळव. आपल्या घराचं हायकोर्ट तूच आहेस, आणि तुझा निकाल मला आधीच ठाऊक आहे, कारण तो तू परकर नेसत होतीस तेव्हाच दिला आहेस. शाळेच्या वाटेवर निंगप्पानं दादाची नक्कल केली होती, "प-प-पाणी" म्हणून, आणि तू धोंडा उचलून त्याच्या कपाळाला खोक पाडली होतीस. आजही तो तुझ्या ओट्यावर चहाला येतो तेव्हा टोपी भुवयांपर्यंत ओढून बसतो म्हणे. परक्याला जर धोंडा, तर पोटच्या पोरीला काय, हे तूच ठरव.

आता घडलं कसं ते सविस्तर सांगतो, म्हणजे उद्या अंकिताची आई, आपल्या वच्छला वहिनी, तुला वेगळं सांगायला लागल्या तर तुझ्याजवळ खरी हकीकत असेल.

अंकितानं पुण्याची नोकरी सोडून हे विनोद सांगायचं काम धरलं हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. (सासूबाईंना आपण "कंपनीतच आहे, पण उभं राहून करायचं काम आहे" असं सांगितलं होतं. आता हेही वाचून टाक, लपवून उपयोग नाही.) तर ती सोलापुरात कार्यक्रमाला आली आणि मला म्हणाली, "काका, तुमी येऊ नका." मला ते विनयाचं वाटलं. आपल्याकडे "जेवायला थांबू नका" म्हटलं की पाट मांडायला लागतो, तसंच ते. मी लगेच तयारीला लागलो. पेठेतली पोरगी, आपल्या घरातली, गावात पहिल्यांदा स्टेजवर उभी राहणार आणि तिचा सत्कार नाही? आपल्या मंडळाचा मी इतकी वर्षं सेक्रेटरी आहे, माझ्या हातून शाल-नारळ घेतला नाही असा वक्ता या बाजूला फिरकलेला नाही. दुकानातली एक जाडजूड डबल चादर काढली, वाघाच्या चित्राची. हार घेतला. नारळ घेतला, तो वाजवून घेतला. राजेसाबला बरोबर घेतलं (आपला शेजारी, एसटीतून रिटायर झालेला, त्याला वगळून मी आजवर कुठल्या कार्यक्रमाला गेलेलो नाही), तुझी भावजय, वहिनी, असे रिक्षा करून निघालो.

आक्का, तो हॉल म्हणजे सात रस्त्याजवळ एका कॉफीच्या दुकानाचा माळा. तिथं समई नाही, सरस्वतीचा फोटो नाही, अध्यक्ष नाहीत, स्वागतगीत नाही. स्टेजवर एक स्टूल आणि त्यावर पाण्याची बाटली. मला वाटलं प्रमुख पाहुण्यांसाठी असेल. पण एवढ्याशा स्टुलावर कुठला प्रमुख पाहुणा बसणार? कार्यक्रम भरवणारा श्रीशैल नावाचा पोरगा होता, कोपरापर्यंत गोंदलेला. त्यानं मला हळूच सांगितलं, "काका, पहिल्या रांगेत बसू नका. रिस्क आहे." पहिली रांग घरच्यांची असते, हे त्याला कोण शिकवणार! मी तिघांना घेऊन बरोबर मधोमध बसलो, मांडीवर चादर, चादरीवर नारळ, गुडघ्यावर हार. मग त्यांनी सगळे दिवे घालवले. मी "फ्यूज गेला" म्हणून ओरडलो, तर मागची पोरं टाळ्या वाजवायला लागली. विनोद तिथूनच सुरू झाला होता आणि तो मी होतो, हे मला उशिरा कळलं.

आधी पुण्याचा एक पोरगा आला. त्यानं आल्या आल्या आपल्या बोलण्याची टिंगल सुरू केली. सोलापूरची माणसं प्रत्येक वाक्याला "की" लावतात, सोलापूरची माणसं शिवी दिल्यासारखं प्रेमानं बोलतात, सोलापूरची माणसं पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी टॉवेल देतात. हॉल हसत होता. सगळे आपलेच, आणि हसत होते! मी मागे वळून एकेकाकडे बघितलं, पण अंधारात रागानं बघितलेलं कुणाला दिसत नाही. मग त्याची नजर आमच्यावर आली. राजेसाबला विचारलं, "चाचा, नाव काय तुमचं?" राजेसाबनं ताठ बसून नाव सांगितलं. पोराचा चेहरा उतरला. "अरे वा, खूप छान नाव, खूप आदर आहे," असं काहीतरी पुटपुटला आणि झटकन माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि काका, हा नारळ कुणाच्या डोक्यात घालायला आणलाय?" पुढची दहा मिनिटं मग मीच. माझी टोपी, माझी मिशी, माझ्या मांडीवरचा वाघ. मी उभा राहून त्याला उत्तर द्यायला लागलो, "सन्माननीय व्यासपीठ आणि उपस्थित रसिकहो" एवढं म्हटलं असेल, तर हॉल कोसळायचा बाकी. माझ्या भाषणाला लोक इतके कधी हसले नव्हते, आणि मी अजून काही बोललोही नव्हतो.

त्याहून मोठा अपमान राजेसाबचा झाला, हे मला नंतर समजलं. मला वाटलं, सुटला बिचारा. पण तो लालबुंद होऊन माझ्या कानात म्हणाला, "देख्या क्या रावजी? मेरा नाम पूछ्या और आगे निकल गया. तुमना इत्ता बोल्या, मेरेकू एक बात नै? मैं क्या टिकट नै निकाल्या?" आयुष्यभर एसटीत ज्यानं प्रवाशांना हसवत अक्कलकोटला नेलं, त्याच्यावर एक विनोद करायची या पोराची छाती नाही! वाट्टेल ते बोलायला धजावणारा गडी एका नावाला घाबरला. राजेसाब अजून त्या गोष्टीवर घुश्शात आहे. मी समजूत घालायला त्याच्या दाढीवर दोन विनोद केले, तर म्हणाला, "तुम कैकू? वो बोलना था."

आणि मग आपली अंकिता आली. पँट-शर्टात. (त्याबद्दल मी काहीही म्हणत नाही, तुझी भावजय म्हणाली ते पुरे.) आल्या आल्या म्हणाली, "पहिल्या रांगेत वाघ घेऊन बसलेत ते माझे काका. त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून ते आले." मी उठून नमस्कार केला. इथपर्यंत ठीक होतं. माझ्यावर चार गोष्टी बोलली, त्यातल्या तीन खोट्या होत्या आणि चौथी तिनं सांगायला नको होती. तेही मी गिळलं. पुतणी आहे, लाडाची आहे. पण मग ती म्हणाली, "माझे बाबा कुर्डुवाडी स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत होते."

साफ खोटं! आक्का, दादा कुर्डुवाडीला वर्कशॉपमध्ये फिटर होता, सबंध जन्मात चौकशीच्या खिडकीच्या आत त्यानं पाऊल टाकलं नाही. मी बसल्या जागेवरून "वर्कशॉप! वर्कशॉप!" असं दोनदा सांगितलंही. पण तिला थांबायचं नव्हतं. म्हणाली, लोक धावत यायचे, पंढरपूरची गाडी कुठल्या फलाटावर? आणि बाबा... इथं तिनं केलं. कसं केलं ते कागदावर मला लिहिता येत नाही. "प-प-प" असं लिहिलं की ते निंगप्पाचं होतं. तिनं डावा डोळा मिटला, हनुवटी जराशी वर उचलली, उजव्या हाताची दोन बोटं अंगठ्यावर घासली, आणि ओठ मिटून नुसती उभी राहिली. एक अक्षर नाही. सगळा हॉल तिच्या तोंडाकडे बघतोय. आणि मग गाडी सुटल्याची शिट्टी तिनं स्वतःच वाजवली, आणि शिट्टी संपल्यावर शांतपणे म्हणाली, "पाच." लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मेल्या माणसाचं व्यंग! आपल्या रक्ताचं! आणि शेजारी बघतो तर वच्छला वहिनी, प्रत्यक्ष त्याची बायको, तोंडाला पदर लावून हसताहेत. थोड्या वेळानं पदरही राहिला नाही.

तेव्हा मी उठलो. तुला आमच्या मंडळाची रीत माहीत नसेल, म्हणून सांगतो. वक्ता लांबला किंवा भलतंच बोलायला लागला, तर भवानी पेठेत त्याला कुणी खाली बस म्हणत नाही. आम्ही त्याचा सत्कार करतो. भाषण लांबलं तर शाल. भाषण वाकडं गेलं तर डबल चादर. खांद्यावर चादर पडली की हात उचलत नाही, हातात नारळ दिला की माईक धरता येत नाही, गळ्यात हार पडला की माणूस आपोआप नमस्कार करतो आणि लोक टाळ्या वाजवतात, सभा संपली. एका पुढाऱ्याला मी असा दुसऱ्याच वाक्याला बसवला आहे आणि त्यानं घरी जाऊन माझे आभार मानणारं पत्र पाठवलं. तोच इलाज मी आपल्या पोरीवर करायला निघालो. पण माळ्यावर जिकडेतिकडे वायरी पसरलेल्या, पायरी दिसेना, मी एका हातात नारळ, एका हातात चादर घेऊन चाचपडत वर पोहोचेपर्यंत तिनं पुढचं सुरू केलं होतं.

ते असं. म्हणाली, "बाबा मला रोज फोन करायचे. मी फोन उचलला की आधी काहीच ऐकू यायचं नाही. माझं नाव त्यांना लवकर निघायचं नाही. मी थांबायचे. मग यायचं, 'अंकिता, जेवलीस का?' आता ते गेले. पण तुम्हाला ते विम्याचे आणि कार्डाचे फोन येतात ना, त्यात उचलल्यावर आधी थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही बघा. सगळे लोक कापतात तो फोन. मी कधीच कापत नाही."

आक्का, मी नेमका तिच्या मागे येऊन उभा होतो, चादर उघडून धरलेली. मग ती म्हणाली, "मग एक बाई बोलते, 'मॅडम, आपल्याला क्रेडिट कार्ड हवंय का?' आणि मी म्हणते, 'बाबा, आवाज फार बारीक झालाय की तुमचा.'" लोक हसले, पण ते हसणं निराळंच होतं; मागच्या रांगेत एक धिप्पाड गडी हसता हसता चष्मा काढून पुसत होता. मला ते सहन होईना. मी चादर टाकली तिच्या खांद्यावर. हार घातला. नारळ पुढे केला. आणि या कार्टीनं, जी लहानपणापासून मंडळाच्या स्टेजखाली बसून माझे सगळे सत्कार बघत वाढली, तिनं नारळ घेतला आणि माईक माझ्या हातात दिला. हॉल वेडा झाला. मी म्हटलं, ठीक आहे. माईक काय मला नवा आहे? आज सगळ्यांना सुनावतो. माझा भाऊ धोंडीराम कोण होता, वर्कशॉपमध्ये त्याच्या हाताखाली किती माणसं शिकली, त्यानं कुणाचं कधी वाईट चिंतलं नाही, आणि त्याच्या व्यंगावर हसणाऱ्यांनो, तुम्हाला लाज वाटली पाहिजे. सगळं भाषण डोक्यात तयार होतं. तोंड उघडलं, "माझा भाऊ ध..." आणि पुढे काही येईना. "ध... ध..." तो गेल्यापासून त्याचं नाव मी तोंडानं घेतलंच नव्हतं बहुधा. मी तिथं दिव्यात उभा, तोंड उघडं, आणि लोकांना काय वाटलं असेल? त्यांना वाटलं मीसुद्धा नक्कल करतोय! ते हसले! टाळ्या! "काका, वन्स मोर!" म्हणून कुणीतरी ओरडलं. आक्का, इतक्या वर्षांच्या सार्वजनिक जीवनात मला इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या, आणि त्या मला अशा मिळाल्या. अंकितानं माझा हात धरून मला खाली आणलं. राजेसाब म्हणाला, "हौ, तुमेच बढिया किये." त्यालाही कळलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला जिन्यात गाठलं आणि जे बोलायचं ते बोललो. बापाच्या दुःखाचा बाजार मांडलास, म्हणालो. लोकांनी त्याला जन्मभर हसून घेतलं ते कमी पडलं का, म्हणालो. आंधळ्याला, पांगळ्याला, तोतऱ्याला हसू नये हे तुला शाळेत शिकवलं नाही का? त्या पुण्याच्या पोरानं दादावर हे केलं असतं तर मी नारळ खरोखरच घातला असता त्याच्या डोक्यात. तर म्हणते, "मीपण घातला असता काका." मग तुझं काय वेगळं? "मी त्यांच्याजवळ वाढले," म्हणाली. हा काय वाद झाला? मग म्हणाली, आणि हे मी तिच्याच शब्दांत देतो, म्हणजे तुला तिचा उर्मटपणा कळेल: "काका, बाबांचं वाक्य जन्मभर सगळ्यांनी मधीच तोडलं. त्यांना शब्द सापडायच्या आत तुमीच पुरा करून द्यायचाव. दुकानात, लग्नात, दवाखान्यात. डॉक्टरनं त्यांना कुठं दुखतंय विचारलं तर तुमीच सांगायचाव. माझ्या कार्यक्रमात कुणी मधी बोलत नाही. सगळा हॉल गप बसून, बाबा काय म्हणतात त्याची वाट बघतो. तेवढंच केलं मी."

मी मदत करत होतो! भाऊ अडला की भावानं हात द्यायचा नाही का? डॉक्टरपुढे बाहेर एवढी गर्दी होती, तो एकेका शब्दाला खोळंबणार, मागचे लोक कुरकुरणार. मी सांगितलं तर काय बिघडलं? (छातीत दुखतंय हे मी बरोबरच सांगितलं होतं. पाठीतही दुखत होतं, ते तो सांगायचा प्रयत्न करत होता की काय, ते आता कुणाला ठाऊक.) असो.

परत येताना रिक्षात वहिनी बाहेर बघत बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्यांना पश्चात्ताप झाला असेल. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही तरी हसायला नको होतं, चार लोक बघत होते. तर त्या म्हणाल्या, "भावजी, हे गेल्यापासून घरात यांचं नाव निघालं की समदी माझ्या तोंडाकडं बघून गप होत्यात. जणू मी काचंची हाय. आज पोटभर बघितलं मी यांना. हसू नको तर काय करू?" आणि वर म्हणाल्या, "ते बोटं घासायचं मीच सांगितलं तिला. ती डावा हात करत हुती." म्हणजे बघ! ही नक्कल आमच्याच माडीवर, माझ्याच डोक्यावर, सासू-सुनांनी शेवया वळाव्यात तशी मायलेकींनी बसून तयार केली, आणि मी खाली दुकानात टॉवेल मोजत होतो.

तेव्हा आता तूच काय ते बघ. मी एकटा पडलो आहे. तुझी भावजय म्हणते, पोरीचं चुकलं नाही. राजेसाबला त्याच्यावर विनोद झाला नाही याचंच दुःख. पेठेतली पोरं मला बघून "काका, वन्स मोर" म्हणतात. घराण्याची अब्रू आणि मेलेल्या भावाचा मान राखणारा मी एकटा उरलो, आणि मलाच सगळे हसतात. तू रेश्माकडून दोन ओळी लिहून घे, "नको" म्हण, खाली अंगठा दे, आणि पोस्टात टाक. निंगप्पाला तुझा नमस्कार सांगू नकोस. पाऊस पडला का ते कळव. गुडघ्याला तेल चोळ.

तुझा, पाठीराखा नसलेला धाकटा भाऊ,
रावजी

ता. क. रेश्मा, तुमच्या पत्त्याचा पिनकोड मला सापडेना म्हणून हे पत्र गल्ल्यात पडून राहिलं. उशीर झाल्याबद्दल सासूबाईंना माझ्यावर रागावू दे. चादर अंकितानं परत केली नाही. थंडीत बरी पडते म्हणाली.

ता. क. दुसरा. आक्का, मध्ये एक गोष्ट झाली. तुझ्या निकालाची वाट न बघताच ती नक्कल अंकितानं काढून टाकली. परवा तिचा फोन आला, पुण्यातल्या छोट्या कार्यक्रमात तो भाग केला नाही म्हणाली. "काका, स्टेजवर तुमचं तोंड बघितलं मी. माझ्यामुळं तुमाला तरास झाला. आत्याला विचारायची गरज नाही, तो विषय संपला." मी म्हटलं, शाबास. शहाणी आहेस. फोन ठेवला आणि जिंकलो म्हणून राजेसाबला चहा पाजायला गेलो. चहा काही गेला नाही. घरी येऊन वहिनींना सांगितलं, तर त्या "बरं" म्हणाल्या आणि माडीवर गेल्या. जेवायला खाली आल्या नाहीत. दादा गेला त्या दिवशी घर जसं झालं होतं तसं परत झालं आहे, आणि या वेळी ते मी केलं आहे असं सगळे न बोलता मला सांगताहेत. मला राग येतो. मी काय वाईट बोललो होतो?

ता. क. तिसरा आणि शेवटचा. (रेश्मा, हे मात्र कंसात नाही, हे हळू आणि मोठ्यानं वाच, आणि निंगप्पा ओट्यावर असेल तर त्याला घरी पाठवून मग वाच.) आक्का, वर लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे, चार पानं फाडायला जीव होत नाही म्हणून तसंच पाठवतो. फक्त निकाल उलटा दे. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी दार ओढून करून बघितलं. डोळा मिटला, हनुवटी उचलली, बोटं घासली. तो येत नाही. माझ्या तोंडातून मीच येतो. राजेसाबनं केलं तर तो बस थांबवल्यासारखा हात करतो. वहिनींना विचारायची माझी छाती नाही. आणि पोरीला "परत कर" म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू? तिला तूच सांग. आत्याचा हुकूम आहे म्हण, ते होतं तसं परत घाल म्हण. चौकशीची खिडकी राहू दे, वर्कशॉप केलं नाही तरी चालेल. मी लिहिलं होतं हे तिला सांगू नकोस. रागावून सांग, म्हणजे तिला खरं वाटेल. लवकर सांग, पुढच्या महिन्यात ते शूटिंग आहे, आणि आक्का, दादाचा आवाज आता तिच्याशिवाय कुणालाच येत नाही गं.